डोमकावळीण

जर्मनीत श्टुटगार्टला असताना मी मुलाला घेऊन बागेतल्या वाळूच्या हौदापाशी बसायचे. एकदा शेजारच्या बाकावरच्या बाईनं गप्पांच्या ओघात विचारलं, मूल केवढं? म्हटलं, अकरा महिन्यांचं. पुढच्या महिन्यात मी कामावर आणि हा कीटात. कीटा म्हणजे पाळणाघर. तिनं स्वतःच्या लेकाच्या तोंडातली वाळू बोटानं काढली, पॅन्टला पुसली आणि म्हणाली, "इतक्या लवकर? बरं, ज्याचं त्याला." भाषा जर्मन, पण सूर थेट आमच्या आत्याचा.

ऑफिसातल्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं मला एक शब्द शिकवला : राबेनमुटर. राबे म्हणजे डोमकावळा, मुटर म्हणजे आई. पिल्लांना वाऱ्यावर सोडून आपल्या उद्योगाला लागणारी ती राबेनमुटर. मला चिऊताई आठवली. पावसात भिजणाऱ्या काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवून ती आतून सांगते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते. चांगली आई कोण, हे आपल्याला बोलता यायच्या आधीच कळलेलं असतं. दार लावून बाळाचं करत बसते, ती. (कावळ्यांच्या बाजूनं एवढंच : डोमकावळ्याची पिल्लं धड उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात म्हणून बेवारस वाटतात. आईबाप त्यांना नंतरही भरवतच असतात. नाव मात्र फुकट खराब झालं.)

आता जर्मनीतला कायदा बघा. बाळंतपणाआधी 6 आठवडे आणि नंतर 8 आठवडे सुट्टी. पुढे आई किंवा बाप, दोघांनाही प्रत्येकी 3 वर्षांपर्यंत रजा घेता येते आणि नोकरी राखून ठेवलेली असते. 2007 पासून पालकभत्ता आहे, साधारण पगाराच्या 65 टक्के, पण महिन्याला 1800 युरोच्या वर नाही. एकट्यानं घेतला तर 12 महिने. दुसऱ्यानंही किमान दोन महिने घेतले तर 14. शिवाय 2013 पासून एक वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा हक्क आहे. एवढं सगळं असूनही कुणी काय घ्यायचं, हे बाकावरच्या बाया ठरवतात. आमच्याकडे बारा मी घेतले, दोन नवऱ्यानं. ओळखीच्या बहुतेक घरांत हाच हिशोब, जणू फॉर्मवर आधीच छापून आलाय.

हे येतं कुठून? पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं की संसाराच्या कर्तव्यांत अडथळा येत नसेल, तरच बायकोनं नोकरी करावी. ते कलम गेलं. नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून कर लावायची 1958 ची पद्धत मात्र अजून चालू आहे. दोघांच्या पगारात जितकी तफावत, तितका फायदा जास्त. कमी पगाराचं माणूस, म्हणजे बहुतेक वेळा बायको, करवर्ग पाचमध्ये जाते आणि तिच्या हातात इतकं कमी पडतं की "मग कशाला जायचं कामावर?" हा प्रश्न पगाराची चिठ्ठीच विचारते.

माझं कामावर जाणं तेव्हा लांबलंच. हक्क होता, जागा नव्हती. एकूण सात पाळणाघरांत नाव घातलं, एकाचंही उत्तर आलं नाही. मग नवऱ्याला लाइप्झिगला नोकरी लागली आणि आम्ही साडेचारशेहून जास्त किलोमीटरवर, पूर्वीच्या पूर्व जर्मनीत आलो. मूल तेव्हा पंधरा महिन्यांचं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात जिन्यात गाठलं. "पंधरा महिन्यांचा, आणि अजून घरीच? दुसरी मुलं नकोत का त्याला?"

मी खरंच जिन्यात बसले.

आजी पूर्व जर्मनीच्या काळातल्या. सूतगिरणीत कामाला होत्या. तेव्हा बायांनी काम करणं सरकारला हवंच होतं, त्यामुळे पाळणाघरंही होती. मुलांना सकाळी सहाला सोडायचं आणि पाळीवर जायचं. त्यात कौतुकही नाही आणि लाजही नाही. देश एक होऊन 30 हून जास्त वर्षं झाली, तरी पूर्वेत तीन वर्षांखालची निम्म्याहून जास्त मुलं पाळणाघरात जातात आणि पश्चिमेत साधारण एक तृतीयांश. चार महिन्यांत मी घाई करणारी आईही ठरले आणि उशीर करणारीही. मूल तेच, आई तीच.

इथे पाळणाघरात मूल एकदम सोडत नाहीत. पहिले काही दिवस पालकानं आत कोपऱ्यात नुसतं बसायचं, मग पाच-दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. हे नवऱ्यानं केलं, त्याच्या दोन महिन्यांतल्या एकात. तीन आठवडे त्या इवल्याशा खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसायचा. तिथल्या ताईंनी त्याची विशेष दखल घेतली नाही. दुसरा महिना आम्ही घरी, पुण्यात काढला. तिथे तो मुलाचं डायपर बदलायला उठला की खोली भरून यायची. "किती करतो हो!" मी बारा महिने काय करत होते, हे कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं कौतुक ऐकून बरं वाटायचं. याचा राग नंतर आला.

त्याच मुक्कामात एक गोष्ट दिसली, ती मात्र पाठ सोडत नाही. सासऱ्यांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचं सगळं मोठ्या जाऊबाई करतात. सकाळी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ, डावा हात बाहीत आधी घालायचा, मग उजवा. त्या खाली वाकून त्यांच्या बोटांमधल्या बेचक्या पुसत होत्या आणि आम्ही बाहेर चहा पीत होतो.

लाइप्झिगच्या आजींची मुलगी आजींचं असंच करते. पण तिथे 1995 पासून शुश्रूषा विमा आहे. आजींना दर महिन्याला रक्कम मिळते, ती त्या मुलीला देतात, आणि तिची नोकरी कमी तासांची असल्यामुळे विम्याकडून तिच्या पेन्शनच्या खात्यातही भर पडते. रक्कम काही मोठी नाही आणि मुलीची पाठ तेवढीच दुखते. शिवाय आजींना मुलगाही आहे. तो रविवारी केक घेऊन येतो. तरी तिनं केलेलं कुठेतरी लिहिलं जातं. जाऊबाईंचं कुठे लिहिलं जातं? आम्ही पैसे पाठवतो, त्याची नोंद बँकेत असते.

परवा फोनवर त्यांना सरळ विचारलं, वहिनी, तुम्हाला काय हवंय? बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला माहेरी जायचंय. पंधरा दिवस. मधे फोन नको."

नवऱ्यानं फेब्रुवारीचं तिकीट काढलं. एकट्याचं. सासूबाईंचा लगेच फोन : मग तू का नाही येत, त्याला एकट्याला कसं जमेल? जाऊबाईंनाही तीच काळजी. "बाबांना आंघोळ घालता येईल का गं त्याला?"

म्हटलं, "लेकाला रोज घालतो की."

"लेक हलका असतो," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "बाही डावी आधी, सांग त्याला."