तीन मांजरं आणि लिटरचा वास: माझा अनुभव

मैत्रीण आत आली, बसली, पाणी प्यायली आणि मग उठून तिने गुपचूप खिडकी उघडली. मी विचारलं, "उकडतंय का?" ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "खरं सांगू? तुझ्या घरात मुताचा वास येतो गं. तुला कळत नसेल, पण येतो."

मला खरंच कळत नव्हतं. लिटर, म्हणजे मांजरांच्या शी-सूच्या डब्यात (लिटर बॉक्समध्ये) घालायचं ओल शोषणारं भुसभुशीत द्रव्य, मी दर दोन दिवसांनी साफ करत होते, सुगंधी लिटर वापरत होते, घरही स्वच्छ होतं. मनातून थोडा रागही आला. पण त्याच आठवड्यात मी दोन दिवस बाहेर राहून परतले, दार उघडलं आणि पहिल्याच श्वासाला नाकात झिणझिण्या आल्या. दहा मिनिटांनी तो वास जाणवेनासा झाला. वास गेला नव्हता, माझं नाक त्याला सरावलं होतं. तेव्हापासून घराचा वास तपासायची माझी एकच वेळ आहे: बाहेरून आल्यानंतरचे पहिले दोन श्वास. त्यानंतर स्वतःच्या नाकावर मी विश्वास ठेवत नाही.

घरात तेव्हा तीन मांजरं होती, आजही आहेत. मनी बारा वर्षांची, चिंगी तीन वर्षांची, आणि भुऱ्या, वर्षभराचा बोका, जो काही महिन्यांपूर्वीच घरी आला होता. तिघांत मिळून दोन लिटर बॉक्स, तेही दोन्ही बाथरूममध्ये शेजारी शेजारी. त्यातल्या एकावर झाकण होतं. झाकण आहे म्हणजे वास आत राहील, असं मला वाटायचं. राहायचा, अगदी बरोबर. पण आत जाणाऱ्या मांजराला त्याच कोंडलेल्या वासात बसावं लागायचं, आणि माझ्या नजरेआड असल्यामुळे तो बॉक्स साफही उशिरा व्हायचा.

मैत्रिणीच्या बोलण्यानंतर पहिला महिना मी वास झाकण्यात घालवला. आणखी तीव्र सुगंधाचं लिटर आणलं. खोलीत सुगंधी तेलाचा डिफ्यूझर लावला. फरशी फिनाईलने पुसली. परिणाम असा झाला की चिंगीने बॉक्समध्ये जाणंच सोडलं आणि दारातल्या पायपुसण्यावर सू करायला सुरुवात केली. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं. जो सुगंध मला "फ्रेश" वाटत होता, तो तिला बॉक्सच्या आत अगदी नाकाला भिडत होता.

चिंगीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. लघवीची तपासणी झाली, संसर्ग वगैरे काही नव्हतं. मी घरी काय काय करतेय ते सांगितल्यावर डॉक्टर गंभीर झाले. "डिफ्यूझर आजच बंद करा," ते म्हणाले. "आणि फिनाईलही." मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निचरा होण्याजोगी करणारं एक एन्झाइम फार दुबळं असतं. त्यामुळे टी ट्रीसारखी बरीच सुगंधी तेलं आणि फिनॉल असलेली जंतुनाशकं त्यांना विषारी ठरतात. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, म्हणजे ते थेट पोटात जातं. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. तिघांना काही झालं नाही, हे माझं नशीब.

त्यानंतर मी वासाच्या मुळाशी जायचं ठरवलं. मांजराची ताजी लघवी नाकाला तेवढी झोंबत नाही. तिच्यात युरिया भरपूर असतो, कारण मांजरं थोड्या पाण्यावर भागवणारी, आणि त्यांची लघवी अतिशय घट्ट. ती तशीच पडून राहिली की जिवाणू युरिया तोडतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबणारा वास तो हाच. त्याच्या जोडीला मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधक असलेलं एक अमिनो आम्ल असतं. तेही हळूहळू मोडतं आणि तो खास "बोक्याचा" उग्र दर्प तयार होतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनीन सर्वांत जास्त. म्हणजे दोन्ही वासांना लागतो तो वेळ, आणि उष्ण, दमट जागेत हे सगळं आणखी वेगाने होतं. मी तो वेळ त्यांना देत होते, एका वेळी दोन दोन दिवस. वर बॉक्सही घरातल्या सर्वांत दमट खोलीत ठेवले होते, जिथे लिटर कधी नीट सुकतच नव्हतं.

बॉक्स बाथरूममधून बाहेर काढले, तिथून खरा फरक सुरू झाला. मांजरं जितकी त्यापेक्षा एक बॉक्स जास्त असावा, असं पशुवैद्य सांगतात. तिघांना चार. मला सुरुवातीला ते जास्तच वाटलं, इतके बॉक्स म्हणजे इतका वास, असा माझा हिशेब. पण प्रत्येक बॉक्सवरचा भार कमी झाला आणि कुठल्याच बॉक्समध्ये चिखल होईना. वेगवेगळ्या खोल्यांत, हवा खेळती असलेल्या कोपऱ्यांत ठेवले. शेजारी शेजारी ठेवलेले दोन बॉक्स मांजराच्या लेखी एकच मोठा बॉक्स असतो, हेही तेव्हा समजलं. झाकण काढून टाकलं. बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुंध्यापर्यंतच्या लांबीच्या दीडपट तरी हवी. माझे जुने बॉक्स त्या मानाने फारच लहान निघाले. कपडे ठेवायचे मोठे प्लास्टिकचे डबे घेतले आणि एका बाजूची भिंत खाली कापून, कडा घासून आत शिरायला वाट केली. तीन बाजू उंच राहिल्यामुळे लिटर बाहेर उडणंही थांबलं.

लिटरच्या बाबतीत मी बरेच प्रयोग केले. लाकडाच्या पेलेटचा (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांचा) पहिल्या दिवशीचा वास मला फार आवडला, पण चिंगीला ते पायाखाली टोचायचे. सिलिका जेल लघवी छान शोषून घेतं. मात्र ते रोज ढवळावं लागतं, आणि एकदा त्याची क्षमता संपली की वास एकदमच येतो. शेवटी बेंटोनाइट मातीचं, गोळे होणारं, बिनवासाचं, बारीक दाण्याचं लिटर टिकलं. बेंटोनाइट ओल लागली की फुगतं आणि लघवीभोवती घट्ट गोळा बांधतं. तो गोळा अख्खा उचलता आला तरच या लिटरचा उपयोग. माझी चूक अशी की मी जेमतेम दोन सेंटीमीटर थर घालत होते. लघवी तळाशी पोहोचायची, तिथे चिकटायची, खरवडताना गोळा फुटायचा आणि त्याचे कण उरलेल्या लिटरमध्ये मिसळायचे. थर पाच ते सात सेंटीमीटर केल्यावर गोळे सुटे निघू लागले. नवं लिटर आणताना जुन्यात थोडं थोडं मिसळत दहा-बारा दिवस घेतले. एकदम बदललं असतं तर चिंगी पुन्हा पायपुसण्याकडे गेली असती.

खाण्याच्या सोड्याबद्दल खूप लोक सांगतात. मी तळाशी थोडा भुरभुरवते, त्याने नुकसान नाही. पण सोडा आम्लधर्मी वासांवर जास्त चालतो आणि अमोनिया स्वतःच अल्कधर्मी, त्यामुळे त्याच्यापुढे सोड्याचा फार निभाव लागत नाही. ज्यांना काही घालायचंच असेल त्यांनी झिओलाइट नावाचं खनिज बघावं, ते अमोनिया धरून ठेवतं.

रोजचं काम आता असं आहे. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी चारही बॉक्स साफ करायचे. झाऱ्यासारख्या स्कूपने हे पाच-सात मिनिटांत होतं. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिने करू नये, दुसऱ्याने रोजच्या रोज करावं. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या गर्भाला घातक परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि ते जंतू बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. गोळे मी आधी स्वयंपाकघरातल्या उघड्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. वासाचा एक मोठा हिस्सा तिथूनच येत होता आणि मी दोष लिटरला देत होते. आता घट्ट झाकणाचा वेगळा डबा आहे, त्यातली पिशवी रोज बांधून बाहेर जाते. संडासात टाकायचा विचारही करू नका, फुगणारी माती पाइपात बसते. तीन आठवड्यांनी सगळं लिटर बदलते आणि बॉक्स गरम पाणी आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुते. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय नवं लिटर घालत नाही. ब्लीच कधीच वापरत नाही, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्यातून क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडतात आणि त्यात वास मुरतो. म्हणून वर्षभराने डबे बदलते.

एवढं सगळं करून दोन महिन्यांनी घर बरंच सुधारलं, पण पूर्ण नाही. बाहेरून आल्यावरच्या दुसऱ्या श्वासाला काहीतरी लागायचंच. बॉक्स रिकामे करून, धुऊन, बाल्कनीत ठेवले तरी वास तसाच. मला हताश व्हायला झालं. तेव्हा मी अतिनील टॉर्च आणला आणि रात्री सगळे दिवे घालवून घरभर फिरले. सुकलेली लघवी त्या प्रकाशात फिकट हिरवट-पिवळी चमकते. साबणाचे डागही चमकतात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी नाक लावून खात्री करावी लागली. बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, ओघळांची रांग होती. सोफ्याच्या मागे तशीच. पायपुसण्याखाली फरशीच्या सांध्यांत मोठा डाग.

भिंतीवरचं काम भुऱ्याचं होतं. तो उभा राहून, शेपूट थरथरवत धार मारत होता. मी त्याची नसबंदी "जरा मोठा होऊ दे" म्हणत पुढे ढकलली होती. पाच-सहा महिन्यांचा असतानाच केली असती तर ही सवय बहुधा लागलीच नसती. त्याच आठवड्यात ऑपरेशन करून घेतलं. वास लगेच गेला नाही, हार्मोन उतरायला काही आठवडे जातात. दीड महिन्यानंतर त्याच्या लघवीचा तो दर्प खरोखर मावळला आणि भिंतीवरचे नवे ओघळ थांबले.

जुने डाग काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत चिवट काम. त्यासाठी एन्झाइम असलेला क्लीनर लागतो, नुसत्या साबणाने वरवरचं जातं. मी पहिल्यांदा तो फवारला आणि लगेच पुसला, काहीच झालं नाही. एन्झाइमला वेळ लागतो. जिथवर लघवी मुरली असेल तिथवर द्रावण मुरलं पाहिजे आणि मग ते सावकाश सुकलं पाहिजे. फरशीच्या सांध्यांवर मी ओलं कापड टाकून रात्रभर ठेवलं, असं तीनदा केलं. आधी दुसरं जंतुनाशक वापरलं असेल तर जागा साध्या पाण्याने नीट धुऊन घ्यावी, नाहीतर एन्झाइमचं काम बिघडू शकतं. पायपुसणं टाकून दिलं. भिंतीचा तो भाग स्वच्छ करून, सुकवून, वर प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले. त्यानंतरचा पहिला दिवस मला आठवतो. कामावरून आले, दार उघडलं, एक श्वास, दुसरा श्वास. बंद घराचा थोडा कोंदट वास होता, बाकी काही नाही. मी तशीच दारात उभी राहिले, पिशवी हातात धरून.

मला अजून एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती वासापेक्षा महत्त्वाची आहे. दिवसातून दोनदा बॉक्स साफ करायला लागल्यापासून कोणाचा गोळा केवढा, हे मला ओळखता येऊ लागलं. भुऱ्याचा लिंबाएवढा, चिंगीचा त्याहून लहान. काही महिन्यांनी मनीचे गोळे मोठे व्हायला लागले, तिच्या पंजाच्या दुप्पट, आणि त्यांना वास जवळजवळ नव्हता. मला आधी बरंच वाटलं. मग लक्षात आलं की ती पाण्याच्या भांड्यापाशीही जास्त वेळ असते. रक्त आणि लघवी तपासल्यावर मूत्रपिंडाचा आजार निघाला, सुरुवातीच्या टप्प्यातला. लघवी घट्ट करण्याची ताकद कमी झाल्यामुळे ती पातळ, जास्त आणि बिनवासाची होत होती. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक लोक वजन उतरल्यावर येतात. तुम्ही लवकर आलात." उलटही लक्षात ठेवा: वास अचानक फार उग्र झाला, गोळे एकदम छोटे आणि पुष्कळ व्हायला लागले, किंवा बोका बॉक्समध्ये बसून कुंथतोय आणि काहीच होत नाही, तर लिटर बदलत बसू नका. बोक्याचा मूत्रमार्ग तुंबणं ही काही तासांत जिवावर बेतणारी गोष्ट आहे.

मनी आता तेरा वर्षांची आहे. तिचं खाणं बदललंय, पाण्याची भांडी घरात चार ठिकाणी आहेत. तिचे सांधे दुखतात म्हणून तिच्या डब्याची पुढची कडा मी आणखी खाली कापली आणि तो तिच्या झोपायच्या जागेजवळ, बैठकीच्या खोलीतच ठेवलाय. तो दिवसातून तीनदा साफ करते. परवा तीच मैत्रीण आली होती. ती तासभर त्या डब्यापासून चार हातांवर बसली होती आणि खिडकी बंदच होती.