टीव्ही बंद केल्यावर मुलांना गुंतवायचं कशात? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे टीव्ही ठरलेल्या वेळेलाच लागतो हे कळलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, ‘मग मुलांना गुंतवता कशात?’ विचारणाऱ्याला बहुधा यादी हवी असते: चित्रं, कोडी, कागदाच्या होड्या वगैरे. यादी काय, कुणीही देईल. खरी कसोटी टीव्ही बंद झाल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाची असते, आणि तेव्हा रंगपेटी पुढे केलीत तर पोर ती पायाने ढकलून देतं.

मुळात बंद कसा करता यावर बरंच अवलंबून आहे. ‘आता दोनच मिनिटं हं’ हे आपल्या सगळ्यांच्या तोंडचं वाक्य. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या संशोधकांनी 2016 मध्ये लहान मुलांच्या आईवडिलांकडून रोजच्या नोंदी घेतल्या, तेव्हा दिसलं की अशी आगाऊ सूचना दिल्यावर रडारड उलट वाढते. कार्यक्रम आपसूक संपला, किंवा त्यानंतर काय हे रोजच्या सवयीचं असलं, तर मुलं बऱ्यापैकी शहाण्यासारखी उठतात. मला तरी यात नवल वाटलं नाही. चार वर्षांच्या मुलाला दोन मिनिटं म्हणजे किती ते कुठे कळतं? गोष्ट संपली, हे मात्र कळतं. म्हणून आमचा हिशेब भागांचा, मिनिटांचा नाही. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकलीय. बाकी काही केलं नाहीत तरी तेवढं आज करा.

मग येतं ‘कंटाळा आलाऽऽ’. येऊ दे की! धाकटी आधी फरशीवर पालथी पडते. पाय आपटून होतात. मग सोफ्याखाली हात घालते, धुळीने माखलेलं एक रबरबँड काढते, ते खुर्चीच्या दोन पायांना ताणून बसवते आणि टणटण वाजवायला लागते. खुर्ची आडवी केली की आवाज बदलतो का, हे बघण्यात पुढचा बराच वेळ जातो. त्या वेळी मी ‘चल, आपण काहीतरी छान करूया’ म्हणत मध्ये पडले असते, तर तो खेळ माझा झाला असता आणि पाच मिनिटांत संपला असता.

सगळ्यांनी मिळून करायचं म्हणाल, तर मुलांना खोटी कामं देऊ नका, खरी द्या. धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं हे त्यांना खास त्यांच्यासाठी आणलेल्या कोड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण जोडी चुकली तर बाबा खरंच दोन रंगांचे मोजे घालून ऑफिसला जाणार असतो. पत्तेही उत्तम. थोरला मांडीखाली पान लपवतो, सगळ्यांना दिसतं, तरी पकडायचं कधी यावर आमच्यात डोळ्यांनीच खलबतं चालतात.

किती वेळ टीव्ही चालेल, असंही विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलंय: दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तर आणखी बरं. इतका साधा आकडा आहे.

लोकांना न आवडणारं उत्तर पुढेच आहे. मुलांचं कार्टून बंद, पण मोठ्यांच्या बातम्या दिवसभर चालू, अशी घरं पुष्कळ. ‘ते कुठे बघतात!’ म्हणून आपण सोडून देतो. एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन शेजारी मोठ्यांचा कार्यक्रम लावून ठेवायचा, असा एक प्रयोग 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पडद्याकडे अधूनमधून, तेही काही क्षणच बघत होती, तरी त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळण्यात ती कमी वेळ रमत होती. म्हणून ‘माझं पोर एकटं खेळतच नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारते, तेव्हा टीव्ही कोण बघत असतं? यावर बहुतेक जण विषय बदलतात. एका मैत्रिणीने तर ‘सासऱ्यांना तूच सांग’ म्हणून फोन त्यांच्याच हातात दिला.