काळ्या मातीतली ड्रेनेज लाईन

सांगली, गावभाग. जुन्या घरामागची ड्रेनेज लाईन आज उकरली. आत चिनीमातीचे पाईप, एकेक दोन फुटांचा. संडासापासून रस्त्याकडच्या चेंबरपर्यंत 12 मीटर, म्हणजे वीसेक सांधे आणि सगळे सिमेंटने भरलेले. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर पाईपही दरवर्षी थोडा वरखाली होतो आणि सिमेंटच्या सांध्याला ते सोसत नाही. केसाएवढी चीर पडली तरी ओल बाहेर झिरपते आणि ओलीच्या मागावर मुळं येतात. मधल्या एका सांध्यात उंबराची मुळं जटेसारखी गुंतून पाईपाचं अर्धं तोंड अडवून बसलेली. सळई घालून तुंबलेलं मोकळं केलं की मुळं तुटतात, चीर तशीच राहते. त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

म्हणून नव्या कामात माझा आग्रह पाईपापेक्षा त्याच्या खालच्या थरासाठी जास्त. चरातली काळी माती पूर्ण बाहेर काढायची, तळाला 100 मिमी वाळू किंवा कच (खडीचा बारीक चुरा) पसरून दाबायची. पाईप 110 मिमीचा, जमिनीखालच्या सांडपाण्यासाठी बनवलेला, रबर रिंगवाला. भिंतीवर लावायचा पातळ पाईप इथे घालू नये. काम खालच्या चेंबरकडून वर न्यायचं, सॉकेटचं, म्हणजे पाईपाच्या रुंद टोकाचं, तोंड पाणी येतं त्या बाजूला. सॉकेटखालची वाळू थोडी खरवडायची, नाहीतर पाईप नुसता सॉकेटवर टेकतो आणि मधे झोळ पडतो. झोळ पडला की मैला तिथेच साचतो. रिंगला साबणाचं पाणी लावावं, तेल नको, त्यानं रबर खराब होतं. टोक पूर्ण आत ढकलून 10 मिमी मागे ओढायचं, पाईप तापून वाढतो त्याला जागा हवी.

ढाळ 40 ला 1, म्हणजे 12 मीटरला 30 सेंटिमीटर. तो लेव्हल पाईपनेच (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) धरायचा, नजरेनं नाही. ढाळ बसत नाही म्हणून 160 मिमी टाका, असं बरेच गवंडी सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. एका घराचं पाणी रुंद पाईपात पातळ पसरतं, त्याला मैला पुढे ढकलता येत नाही.

वळणावर 90 अंशाचा बेंड नको, चेंबर बांधावं आणि तळात अर्धगोल नाळ गिलाव्यानं गुळगुळीत करावी. बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाईन पाण्यानं भरायची. अर्धा तास पातळी हलली नाही तरच वाळू, वर मुरूम.

2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठच्या भागांत पाणी शिरलं. अशा वेळी रस्त्याची लाईन भरली की ती घरात उलटी येते. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह हवाच, झाकण उघडून हात पोचेल असा. त्याच्या पडद्यात केस आणि चिंध्या अडकल्या की तो पूर्ण मिटत नाही, म्हणून मेअखेरीला तो काढून धुवायचा.