आय८१० मशीन: ऑनबोर्ड ग्राफिक्स बंद, पीसीआयवर वूडू३

मागच्या नोंदीत प्रोसेसरभोवतीचे फुगलेले कपॅसिटर बदलले होते. मशीन आता न अडकता चालतंय, तेव्हा ज्यासाठी ते उघडलं होतं ते काम हाती घेतलं: बोर्डातच असलेलं (ऑनबोर्ड) ग्राफिक्स बंद करून वेगळं वूडू३ ग्राफिक्स कार्ड लावायचं.

बोर्ड इंटेल ८१० चिपसेटचा, सोबत सेलेरॉन आणि १२८ एमबी पीसी१०० रॅम. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर २००० च्या सुमारास असेंबल झालेल्या स्वस्त मशीनमध्ये ही जोडी ओळखीची. ८१० ला एजीपी, म्हणजे खास ग्राफिक्स कार्डासाठीचा वेगवान स्लॉट, नाही. कडेचा आखूड तपकिरी स्लॉट बघून एजीपीचा भास होतो, पण तो एएमआर, म्हणजे मोडेम आणि साउंडच्या रायझरसाठी. आपल्यासाठी उरतो पीसीआय, सगळ्या प्रकारच्या कार्डांचा सामायिक स्लॉट.

‘पीसीआयची बस (डेटाचा रस्ता) सेकंदाला १३३ एमबीची, त्यावर कार्ड लावून काय मिळणार?’ हे मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. माझं म्हणणं उलट आहे. १०२४ बाय ७६८, १६ बिट रंग, ८५ हर्ट्झ रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला ८५ वेळा चित्र, धरा. नुसतं चित्र पडद्यावर टिकवायला सेकंदाला साधारण १३४ एमबी वाचावे लागतात. ऑनबोर्ड ग्राफिक्स हे सगळं मुख्य रॅममधून ओढतं. पीसी१०० चा कमाल वेग सेकंदाला ८०० एमबी, म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीच सहावा हिस्सा गेला. २४ बिट रंग लावले तर पाव हिस्सा. वेगळ्या कार्डाचं हे वाचन त्याच्या स्वतःच्या मेमरीतून होतं, पीसीआयवर ते येतच नाही. सेलेरॉनची कॅशे, म्हणजे प्रोसेसरची स्वतःची छोटी वेगवान मेमरी, आधीच तुटपुंजी, त्यामुळे मोकळी झालेली रॅम त्याला लगेच लागू पडते.

कार्ड वूडू३ २००० पीसीआय, १६ एमबी. लॅमिंग्टन रोडच्याच एका जुन्या दुकानात काउंटरखालच्या खोक्यात पडून होतं. समुद्राच्या हवेनं ब्रॅकेट गंजलेलं, सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर. पांढऱ्या खोडरबरानं पट्ट्या हलक्या हातानं, एकाच दिशेनं घासल्या आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या. कापूस आधी हिरवट-काळा निघाला, पुढे स्वच्छ. व्हीजीए सॉकेटच्या भोकांतही गंज होता, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून रात्रभर सुकू दिलं. पावसाळ्यात ही घाई करू नका.

विंडोज ९८ एसईमधून इंटेलचा ड्रायव्हर आधी काढला, मगच मशीन बंद केलं. बायोसमध्ये ‘इनिट डिस्प्ले फर्स्ट’ पीसीआयवर आणि ‘असाइन आयआरक्यू फॉर व्हीजीए’ चालू. पहिल्या स्लॉटमध्ये चित्र आलं, पण आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची लाइन) ऑनबोर्ड साउंडशी वाटून घेतला गेला आणि आवाज तुटायला लागला. शेजारच्या स्लॉटमध्ये हलवल्यावर थांबलं. पहिल्या बूटला ‘स्टँडर्ड पीसीआय ग्राफिक्स अडॅप्टर’ दिसतो, त्यावर वूडू बनवणाऱ्या थ्रीडीएफएक्सचा ड्रायव्हर चढवायचा. कंपनी २००० च्या डिसेंबरमध्ये एनव्हिडियाला मालमत्ता विकून संपली, तरी ९८ साठी तिचे ड्रायव्हर आजही मला सगळ्यात भरवशाचे वाटतात.

पहिला फरक डेस्कटॉपवरच दिसला: सीआरटीवर बारीक अक्षरांच्या कडा स्वच्छ झाल्या. ऑनबोर्डचा रॅमडॅक (मेमरीतलं चित्र मॉनिटरच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) २३० मेगाहर्ट्झचा, याचा ३००. पण इथे खरा हात कनेक्टरजवळच्या फिल्टरचा असावा, कारण ७६८ ओळींना २३० सुद्धा भरपूर होतात. मग ‘अनरिअल’ हा गेम ग्लाइडवर, म्हणजे थ्रीडीएफएक्सच्या स्वतःच्या थ्रीडी इंटरफेसवर, लावला. धुकं, पाणी, मशालींचा उजेड, सगळं जसं असायला हवं तसं! ऑनबोर्डवर ग्लाइड नव्हतंच. वूडू३ चं थ्रीडी १६ बिटच, म्हणून त्याला नावं ठेवतात, पण ८१० चं थ्रीडीही १६ बिटच होतं. आपण काही गमावलेलं नाही.

आता राहिली उष्णता. २००० मॉडेलवर फक्त हीटसिंक आहे आणि अर्ध्या तासात त्यावर बोट टेकवत नाही. शेजारचा स्लॉट रिकामा ठेवून तिथे ८० मिमीचा पंखा कमी व्होल्टेजवर बसवतोय. हीटसिंकखालची जुनी पेस्ट काढायचा विचार होता, पण या कार्डांवर तो बहुतेक चिकटवलेला असतो आणि ओढाताणीत चिप उखडू शकते. तो तसाच राहील.