३८१६५४७२९ : कसोट्यांना पुरून उरलेली संख्या

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील. शाळेने पाचवी-सहावीत घोटून घेतलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या अजून शाबूत आहेत, तेव्हा त्यांच्यावरच लिहितो. कोकण आणि गणित म्हटलं की डहाणूत जन्मलेल्या गणिती द. रा. कापरेकरांचा ६१७४ पुढे येतो (सगळे सारखे नसलेले चार अंक घ्या, त्यांच्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान वजा करत राहा, शेवटी हाच उरतो). तो बहुतेकांनी करून पाहिलेला असतो. आपण मोठी संख्या घेऊ : अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.

हिच्यात १ ते ९ अंक एकेकदाच येतात. डावीकडून दोन अंक घेतले (३८) तर २ ने, तीन घेतले (३८१) तर ३ ने, असं करत नऊच्या नऊ घेतले तर ९ ने निःशेष भाग जातो. अशी दुसरी संख्या नाही. हे पटायला संगणक नको; पावसात वीज गेली असली तरी वहीच्या मागच्या पानावर होतं.

शून्य नाही, म्हणून पाचव्या जागी ५ च. सम जागांवर सम अंक, उरलेल्या विषम जागा १, ३, ७, ९ यांना. तिसरा अंक विषम, म्हणून ४ च्या कसोटीने चौथा २ किंवा ६ (१२, ३६ चालतात, १४, ३८ नाहीत). ८ साठी शेवटचे तीन अंक पाहतात, पण सहावा सम आहे आणि २०० ला ८ ने भाग जातो, म्हणून दोनच पुरतात. आठवाही २ किंवा ६. मग ४ आणि ८ गेले दुसऱ्या-सहाव्या जागी. पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, सहांचीही, म्हणजे मधल्या तिघांचीही हवी. तिथे २५८ किंवा ६५४ एवढंच बसतं.

२५८ ने दोन संख्या उरतात, ६५४ ने आठ. त्या आठांत ९८७६५४३२१ सुद्धा आहे, आणि घाईत तीच उत्तर म्हणून ठोकून दिली जाते. ९ ची कसोटी फुकटच, कारण बेरीज कायम ४५.

दहा जणींचा निकाल ७ लावतो. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून पहिल्या सात अंकांचे उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून एकाआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. ३ । ८१६ । ५४७ : ८१६ − (५४७ + ३) = २६६ = ७ × ३८. बसलं. ९ । ८७६ । ५४३ : ८७६ − ५५२ = ३२४, सातने भाग जात नाही. बाद. बाकीच्या आठही अशाच गळतात. गोची होते ती आपल्या स्वल्पविरामांमुळे. ३८,१६,५४७ असं लिहिलं की हात तेच गट धरतो, आणि दोन-दोनच्या गटांना १००१ लागू पडत नाही.

शेवटी शून्य जोडलं की ३८१६५४७२९० ला १० नेही भाग जातो. अंक पुन्हा वापरायची मुभा दिली, तर दहाव्या जागेपर्यंत पुढचा अंक मिळतोच, कारण लागोपाठच्या दहा संख्यांत १० पर्यंतच्या कुठल्याही भाजकाची पट असतेच. अकरापासून ती हमी संपते आणि वाटा बंद होत जातात. सगळ्यांत लांब जाते ती २५ अंकी ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे कोणताही अंक ठेवा, २६ ने भाग जात नाही.