पेट्यांच्या थप्प्या हाताने टाईप केल्या तेव्हा

अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड ही डिसेंबरात दिवसाला एक प्रोग्रॅमिंगचं कोडं देणारी वेबसाईट. तिचं कोडं उघडतं सकाळी साडेदहाला, आणि देवगडात आमच्याकडे ती पेजेची वेळ. ५ डिसेंबर २०२२ ला मी पेज निवत ठेवून लॅपटॉपसमोर बसलो होतो.

कोडं पेट्यांचं होतं. पेट्यांच्या थप्प्या, मग कुठल्या थप्पीतून कुठल्या थप्पीत किती पेट्या हलवायच्या याच्या शेकडो ओळी, आणि शेवटी प्रत्येक थप्पीच्या वर कुठलं अक्षर राहतं ते सांगायचं. हलवाहलवीच्या ओळी वाचायला सोप्या, पण त्यांच्या वर थप्प्यांचं चक्क चित्र काढलेलं, चौकोनी कंसात अक्षरं एकावर एक, म्हणजे थप्प्या उभ्या आणि फाईल वाचायची आडवी. मी म्हटलं नऊच तर थप्प्या आहेत, हातानेच टाईप करून टाकू. कोड्यासोबत उत्तरासकट एक छोटं उदाहरण असतं, सॅम्पल, त्याच्या तीन टाईप केल्या, उत्तर बरोबर आलं. खऱ्या इनपुटच्या, म्हणजे सोडवायच्या फाईलच्या, नऊ टाईप केल्या, उत्तर चूक. मग मी कोड तपासत बसलो, पेट्या हलवायचं लॉजिक तीनदा वाचलं, त्यात काहीच सापडेना, आणि अर्ध्या तासाने दिसलं की सातवी थप्पी मी वरून खाली टाईप केलीय, बाकीच्या आठ खालून वर.

चुलतभावाला फोन केला तर तो म्हणाला, "ह्यां सगळां तू हातान लिवलंस? कित्याक?"

त्याचं बरोबर होतं, आणि का ते मला तेव्हा नीट कळलं. हाताने टाईप केलं की सॅम्पल बरोबर येऊन काहीच सिद्ध होत नाही, कारण सॅम्पल वेगळं टाईप केलेलं असतं आणि खरं इनपुट वेगळं. कोडने वाचलं तर जो कोड सॅम्पल वाचतो तोच खरी फाईल वाचतो. संध्याकाळी मी पार्सर, म्हणजे फाईल वाचून थप्प्या काढणारा कोड, लिहिला तेव्हाही चूक झालीच, सवयीने पूर्ण फाईलवर पायथॉनचं स्ट्रिप लावलं, जे सुरुवातीची आणि शेवटची मोकळी जागा काढून टाकतं, आणि सॅम्पलची पहिली ओळ मोकळ्या जागेनेच सुरू होते, ती जागा उडाली, दुसऱ्या थप्पीवरची डी पेटी पहिल्या थप्पीवर जाऊन बसली. पण हे सॅम्पलवरच दिसलं, दोन मिनिटांत दुरुस्त झालं. बाकी काम काहीच नव्हतं, ओळीत शून्यापासून जागा मोजल्या तर अक्षरं १, ५, ९ अशी चार-चारच्या अंतराने येतात, नववी थप्पी ३३ वर.

म्हणून हाताने कधीच करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. २०२१ च्या २३ व्या दिवशी पहिल्या भागात चार खोल्यांत मिळून आठ अक्षरं होती, ती टाईप करायला दहा सेकंद लागतात आणि एका नजरेत ताडून बघता येतात. २०२३ चा सहावा दिवसही तसाच, वेळ आणि अंतर, दोनच ओळी. जिथे मोजावं लागतं किंवा दिशा उलटते तिथे मी आता हाताने जात नाही.

हाताने टाईप करणं आणि पूर्ण पार्सर लिहिणं या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे ओळीतले सगळे आकडे रेजेक्सने, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने, उचलायचे. बहुतेक दिवस एवढ्यावर निभावतं, फक्त वजाचं चिन्ह सांभाळा. २०२१ च्या १७ व्या दिवशी y ची रेंज उणे आकड्यांत होती, तिथे वजा धरावाच लागतो. २०२२ च्या चौथ्या दिवशी मात्र २-४ असं लिहिलेलं, तिथे तो वजा नाही, नुसता डॅश आहे, आणि तोच रेजेक्स दोन आणि उणे चार काढून देतो.

आता मी लॉजिकला हात लावायच्या आधी सॅम्पलमधून काय वाचलं गेलं ते स्क्रीनवर प्रिंट करतो आणि कोड्यातल्या चित्राशेजारी ठेवून बघतो, पहिली थप्पी, शेवटची थप्पी, आणि मधली एखादी.