बैठकीच्या खोलीत दोन रात्री

मुंबईत एके दिवशी सकाळी साडेआठला नोकरीसाठी कागदपत्रांची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी तिथंच मेडिकल. एकच दिवस असता तर साताऱ्याहून रात्रीच्या एसटीनं जाऊन तोंड धुऊन हजर झालो असतो. पण आदल्या संध्याकाळी पोचायचं म्हटलं तर दोन रात्रींचा प्रश्न होता.

दादर-परळचे लॉज मोबाईलवर बघितले. ज्यांचे दर परवडत होते त्यांच्या चादरींचे फोटो बघवत नव्हते. रेल्वेच्या रिटायरिंग रूममधली डॉर्मिटरी स्वस्त पडते, पण बुकिंग करताना रेल्वे तिकिटाचा पीएनआर मागतात, आणि मी एसटीचा प्रवासी. मुंबई सेंट्रल स्टेशनवर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे. आडवं होण्यापुरती बंद कप्प्यासारखी जागा, आणि सुरू झालं तेव्हाच बारा तासांना ९९९ रुपये. हे आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर म्हणाले, "पेटीत झोपायला हजार रुपये? आपली बैठक हाय की लालबागला."

बैठक म्हणजे गावची खोली. आमचं गाव पाटण तालुक्यातलं. तिकडची आणि जावळीची माणसं पूर्वीपासून मुंबईला, कुणी गिरणीत, कुणी माथाडीत. गावानं वर्गणी काढून चाळीत एक खोली पागडीनं घ्यायची आणि गावच्या बाप्यांनी तिथं राहायचं. आजोबा तिथूनच गिरणीत जायचे आणि १९८२ च्या संपात गावी आले ते परत गेलेच नाहीत. आबांनी मशीद बंदरला ओझी वाहिली, पुढं बाजार वाशीला गेल्यावर तिकडं. झोपायला मात्र लालबागच.

मला वाटलं, आबांनी एक फोन केला की झालं. तसं नसतं. आधी गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांना गाठावं लागलं. त्यांनी वही काढली. आबा निवृत्त होऊन आल्यापासून आमच्या घरची वर्गणी थकली होती. "आधी बाकी मिटव, मग चिठ्ठी," म्हणाले. चोवीसशे रुपये निघाले. म्हणजे लॉजचेच पैसे झाले, असं मी पुटपुटलो. "लॉजवाला तुझ्या मयतीला येणार हाय का?" यावर काय बोलणार!

खोली दुसऱ्या मजल्यावर, साधारण दहा बाय बारा. आत नऊ माणसं आणि वर पोटमाळा. भिंतीला ओळीनं पत्र्याच्या ट्रंका, त्यांच्यावर ऑइलपेंटनं नावं. ट्रंकांच्या वर खिळे. ज्याचा त्याचा खिळा ठरलेला. हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी बॅग सरळ मोकळ्या दिसलेल्या खिळ्याला अडकवली. कोपऱ्यातून आवाज आला, "पाव्हणं, त्यो रात्रपाळीवाल्याचा हाय." खोली सांभाळणाऱ्या नानांनी नाव विचारलं, मग बापाचं, मग आजोबांचं. तिसऱ्या नावाला त्यांचा चेहरा सैल झाला. दाराजवळचा एक खिळा दाखवून म्हणाले, "ह्यो तुज्या आबाचा. आता माझ्या पुतण्याकडं हाय, पर दोन रोज लाव तू."

नियम थोडे पण कडक. दारू चालत नाही. बायकामाणसांना मुक्काम नाही, त्यामुळं माझ्या बहिणीला हेच काम निघालं असतं तर ही सगळी खटपट फुकट गेली असती, हे मला तिथं पडल्या पडल्या जाणवलं. स्वयंपाक खोलीत नाही, जेवण खाणावळीत. साडेदहाला दिवा बंद. वळकटी ज्याची त्यानं आणायची. मी एक चादर तेवढी नेली होती, तर कुणीतरी न विचारताच आपली सतरंजी माझ्याकडं सरकवली.

आतल्या जागा जुन्यांच्या, म्हणून मला बाहेर गॅलरीत. रात्री दोनदा लोक मला ओलांडून गेले. पहिल्या रात्री डोळा लागला तेव्हा तीन वाजून गेले असतील आणि पावणेपाचला बादल्यांचा आवाज सुरू झाला. पाणी पाऊण तास येतं, तेवढ्यात सगळ्यांच्या अंघोळी. संडास मजल्याच्या टोकाला. मला लवकर पोचायचंय कळल्यावर नानांनी मला रांगेत पुढं घातलं, "साताऱ्याच्या हापिसरला सोडा रं!" म्हणत. अजून नोकरी लागलेली नव्हती, तरी बरं वाटलं.

दुसऱ्या रात्री मात्र मेल्यासारखा झोपलो.

निघताना पैसे विचारले तर नाना म्हणाले, वर्गणी भरलीयस ना. ग्रामदैवताच्या फोटोखाली डबा होता, त्यात शंभर टाकले. चाळ पुनर्विकासाला जाणार म्हणतात. टॉवरमधल्या सोसायटीला नऊ माणसांची एक खोली चालेल का, असं नानांना विचारलं. ते म्हणाले, "बगू. पयला टॉवर तर होऊं दे."

घरी आल्यावर आबांनी मेडिकलचं काही विचारलं नाही.

"पाणी किती वाजता येतं आता?"

"पावणेपाच."

"आमच्या वेळेला चारला यायचं," म्हणाले आणि कूस बदलली.